सोसायटीच्या उतारावरचं पावसाचं पाणी थोपवायला तळं: मोजमापापासून गाळ काढण्यापर्यंत

भरलेलं तळं पूर अडवत नाही, रिकामं अडवतं. ऐकायला सोपं आहे, पण आपल्याकडे तळं बांधायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात ते काठोकाठ भरलेलं, कमळं बिमळं असलेलं चित्र येतं आणि मग जोराचा पाऊस आला की त्या तळ्याचा काडीचा उपयोग होत नाही, जेवढं पाणी वरून येतं तेवढंच खालून बाहेर पडतं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा त्याच ओढ्यावरचं कात्रजचं तळं आधीच भरून वाहत होतं. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या, तोही तलाव भरलेलाच. दोन्ही वेळा महिना सप्टेंबर होता, हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

हा लेख मोठ्या तलावांबद्दल नाहीये. डोंगरउतारावर, आधी गवत-झुडपं असलेल्या जागेवर लेआउट पडतो, रस्ते काँक्रीटचे होतात, पार्किंगमध्ये पेव्हर बसतात, आणि खालच्या गावठाणात दरवर्षी पाणी शिरायला लागतं, ही गोष्ट पुण्याच्या आसपास सूस, बावधन, कात्रज, उंड्री कुठेही दिसेल. अशा साधारण ५ एकरच्या सोसायटीने किंवा लेआउटने आपलं पाणी आपल्या हद्दीत थोडा वेळ कसं धरून ठेवायचं, एवढंच सांगतो. सोसायटी छोटी असेल तर आकडे त्या प्रमाणात कमी करा, पद्धत तीच.

आधी छत्री घेऊन फिरा

कागदावर काहीही काढायच्या आधी एक जोरदार पाऊस चालू असताना हद्दीतून फिरा. पाणी कुठून आत येतंय, कुठे वळतंय, कुठल्या गेटमधून बाहेर पडतंय याचे मोबाईलवर व्हिडिओ काढा, भिंतीवर पाण्याची उंची खडूने नको, ऑइलपेंटने मार्क करा. उन्हाळ्यात एखादा सर्व्हेअर बोलवून लेव्हल घ्या म्हणजे चढउतार नक्की कळतील. पण लेव्हलच्या नकाशात चोकअप झालेली गटार दिसत नाही, ती पावसातच दिसते.

यात एक गोष्ट हमखास सुटते. वरच्या डोंगराचं पाणी. तुमच्या कंपाउंडच्या बाहेरून, वरच्या बाजूने येणारं पाणी तळ्यात घ्यायचं नाही. त्याच्यासाठी हद्दीच्या कडेने वेगळी चर काढून ते जिथे नैसर्गिकरित्या जात होतं तिथेच सोडायचं, नाहीतर तुम्ही ५ एकरच्या पाण्यापुरतं तळं बांधाल आणि त्यात २० एकरचं पाणी येईल. आणि कंपाउंड वॉलने ते पाणी अडवायचा विचार तर अजिबात नको, भिंतीमागे पाणी साठलं की भिंत आडवी होते. भिंतीला खालून पाणी जायला भोकं ठेवा.

ओढा किंवा नाला हद्दीतून जात असेल तर त्याला हात लावायचा नाही. ओढ्याच्या पात्रात तळं करायचं नाही, त्याला बंद पाईपमध्ये घालायचं नाही, वळवायचं तर नाहीच. नदीकाठी असाल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची. नदीच फुगली तर असलं तळं काही करू शकत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत जे झालं ते मुठा नदीचं पाणी होतं, तिथे सोसायटीतलं तळं म्हणजे नदीचाच भाग झालं असतं.

आता हिशोब, घाबरू नका

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. सगळं गणित यावरच आहे.

५ एकर म्हणजे साधारण २०,००० चौरस मीटर. तासाभरात ६० मिमी पाऊस पडला असं धरू. (हवामान खातं दिवसभरात ६४.५ मिमीच्या पुढे गेलं की त्याला जोरदार पाऊस म्हणतं, म्हणजे आपण जवळपास तेवढा पाऊस एका तासात धरतोय.) तर एकूण पाणी झालं १२ लाख लिटर, म्हणजे १,२०० घनमीटर. आता यातलं वाहून किती जातं ते जमिनीवर अवलंबून. छत आणि काँक्रीटवरून ९० टक्क्यांच्या आसपास वाहतं, पेव्हरवरून ७०-८० टक्के, मुरमाच्या जागेवरून निम्म्याच्या आसपास, चांगल्या बागेतून किंवा गवतातून २०-३० टक्के. समजा तुमच्याकडे ५५ टक्के जागा छत आणि रस्ते, २५ टक्के पेव्हर, २० टक्के बाग आहे, तर सरासरी येते साधारण ७५ टक्के. लेआउट व्हायच्या आधी तिथे गवत होतं तेव्हा ही ३० टक्के होती असं धरा.

म्हणजे पूर्वी तासाभरात ३६० घनमीटर वाहायचं, आता ९०० वाहतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचं तर आधी ३६ टँकर खाली जायचे, आता ९०. सेकंदाच्या हिशोबात पूर्वी १०० लिटर, आता २५०. खालच्या गटारीला आणि ओढ्याला सवय १०० ची आहे. तर आपलं टार्गेट ठरलं, बाहेर सेकंदाला १०० लिटरच्या वर सोडायचं नाही, बाकीचं थांबवायचं.

इथे बरेच जण ९०० वजा ३६० म्हणजे ५४० घनमीटरचं तळं काढून मोकळे होतात. ते कमी पडतं. कारण तळं रिकामं असताना, पाणी बाहेर सोडायला तळाशी जे भोक ठेवायचं त्याच्यावर पाण्याचा दाब नसतो, त्यामुळे सुरुवातीला बाहेर १०० लिटर जातच नाही, हळूहळू वाढत जातं. तळं भरेपर्यंतची सरासरी धरली तर सेकंदाला ६५-६७ लिटर, म्हणजे तासात २४० घनमीटर बाहेर. ९०० वजा २४०, ६६० घनमीटर. त्यात थोडी ढील धरून ७५० घनमीटरचं तळं करा.

पंधरा मिनिटांचा सपाटा तासाला १२० मिमीच्या वेगाने आला तरी त्याचं वाहून येणारं पाणी ४५० घनमीटर होतं, ते यात सहज मावतं. पण ६० मिमीचा पाऊस दुसरा तासही चालला तर दुसऱ्या तासाच्या पहिल्या दहाएक मिनिटांतच तळं भरेल आणि पुढचं पाणी सांडव्यावरून, म्हणजे जास्तीच्या पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेने जाईल. हे कमिटीला आधीच सांगून ठेवा. कुठलंच तळं सगळा पाऊस थांबवत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, असल्या पावसासाठी कोणी सोसायटीत तळं बांधू शकत नाही, तिथे फक्त सांडवा नीट असला आणि बांध टिकला तरी खूप.

जागा आणि प्रकार

जागा अर्थातच हद्दीच्या सर्वात खालच्या टोकाला, पण बिल्डिंगच्या पायाला आणि सेप्टिक टँकला चिकटून नको. ७५० घनमीटरसाठी पाणी दीड मीटर खोल धरलं आणि बाजूचा उतार १ ला २ ठेवला (म्हणजे १ मीटर खाली जायला २ मीटर आडवं) तर तळ २२ बाय १७ मीटर, भरलेल्या पाण्याची कड २८ बाय २३ मीटर, आणि त्याच्यावर अर्धा मीटर कोरडी कड सोडली की वरचं माप ३० बाय २५ मीटर. साधारण साडेसात गुंठे, कडेने फिरायला आणि जेसीबी उतरायला रॅम्प धरून ९-१० गुंठे. २०० गुंठ्यांतले १० गुंठे, म्हणजे ५ टक्के जागा. बिल्डर लोकांना ही जागा म्हणजे दोन रो हाउस दिसतात, त्यामुळे लेआउट कागदावर असतानाच भांडून घ्या.

जागाच नसेल तर मैदान वापरा. एक एकरचं खेळाचं मैदान आजूबाजूपेक्षा फक्त एक फूट खाली घेतलं तर त्यात १,२०० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे आपल्या तळ्यापेक्षा जास्त! चार तास क्रिकेट बंद, बाकी वर्षभर मैदान मैदानच. मला विचाराल तर जुन्या सोसायट्यांसाठी हाच सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे, पण चेअरमन लोकांना मैदानात पाणी दिसलं की लगेच भराव टाकून लेव्हल करायची घाई होते. मुंबईत हिंदमाताच्या सखल भागात तुंबणारं पाणी उतरवायला पालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाच्या खाली टाक्या बांधल्या. उद्यान, मैदान वरती तसंच ठेवून पाणी खाली धरायचं. आपल्याला एवढं खर्चिक करायची गरज नाही.

बागेसाठी पाणी पण हवं असेल तर तळ अजून अर्धा-पाऊण मीटर खोल घ्या आणि बाहेर जाणारं भोक त्या पाण्याच्या वर ठेवा. खालचं पाणी साठ्याचं, वरचे दीड मीटर पावसाळाभर रिकामे, पुरासाठी. भोकाला झाकण लावून वरचे दीड मीटर पण भरून घेऊ असं कोणीतरी दरवर्षी मिटिंगमध्ये सुचवतंच. नाही म्हणायचं.

मुरायचं म्हणाल तर आधी एक खड्डा खोदून त्यात पाणी भरून बघा दिवसभरात किती उतरतं. मुरूम असेल तर भराभर उतरेल, काळी माती असेल तर जवळपास नाहीच, आणि खाली अखंड काळा पाषाण लागला तर विसरा. मुरणं हे बोनस समजा, पुराच्या हिशोबात धरू नका, कारण ऑगस्टपर्यंत जमीन पाणी पिऊन बसलेली असते.

खोदाई आणि बांध

शक्यतो तळं खोदून करा, बांध घालून वर उचलू नका. खोदलेलं तळं फुटत नाही. पण उतारावर खालच्या बाजूला थोडा तरी बांध येतोच, त्याची काळजी घ्या. बांधाच्या जागेवरची गवत-मुळांची माती फूटभर काढून टाका, मधोमध पक्क्या थरापर्यंत चर खणून त्यात चिकण माती ठासून भरा म्हणजे पाणी खालून पाझरत नाही, आणि वरचा भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारत, रोलर फिरवत घाला. जेसीबीने एकदम मातीचा ढीग ओतून बकेटने थापटला की झाला बांध असं नसतं, असला बांध पहिल्याच पावसात बसतो आणि मधेच खाच पडून तिथून पाणी कापत जातं. बांधाच्या बाहेरच्या बाजूला गवत लावा, आतल्या बाजूला पाण्याच्या कडेपर्यंत दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेलं अस्तर. झाडं बांधावर नकोत, मुळं कुजली की पोकळी राहते. घुशी आणि खेकड्यांची बिळं दिसली की बुजवा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि महाराष्ट्रभर त्याचे विनोद झाले, पण बिळं वेळेवर बुजवणं हे माणसांचं काम होतं.

निघालेला मुरूम बाहेर न्यायचा असेल तर तहसील ऑफिसला आधी विचारा, गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी लागते. ट्रक पकडला की सोसायटीचा सेक्रेटरी तहसीलच्या चकरा मारतो.

आत येणारं पाणी

गटारीतून पाणी सरळ तळ्यात सोडलं तर दोन वर्षांत तळं मातीने अर्धं भरेल. म्हणून तोंडाशी आधी गाळाचा हौद करा, तळ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे आपल्या उदाहरणात ७०-७५ घनमीटर, आणि तो आणि मुख्य तळं यांच्यात दगडी बंधारा. जड माती, वाळू हौदात बसते, पाणी बंधाऱ्यावरून पुढे जातं. हौदाचा तळ काँक्रीटचा करा म्हणजे जेसीबीला कुठपर्यंत खरवडायचं ते कळतं, नाहीतर ऑपरेटर दरवर्षी थोडा थोडा तळ पण उचलून नेतो. पाईप जिथे पडतो तिथे मोठे दगड टाका, नाहीतर तिथे खड्डा पडून पाईपच खाली बसतो.

बाहेर जाणारं भोक, सगळा खेळ इथे आहे

तळं कितीही मस्त खोदा, आउटलेट चुकला की सगळं वाया. मोठा ठेवला तर पाणी थांबतच नाही, छोटा ठेवला तर तळं पावसाच्या मधल्या उघडीपीत रिकामं होत नाही आणि पुढच्या सरीला आधीच भरलेलं असतं.

आपल्या उदाहरणात दीड मीटर पाणी असताना सेकंदाला १०० लिटर सोडायचंय, त्यासाठी २०० मिमी, म्हणजे ८ इंची गोल भोक पुरतं. एवढंसं? असंच सगळे विचारतात, आणि मग प्लंबर किंवा काँट्रॅक्टर "साहेब सेफ साइडला १२ इंची टाकू" म्हणतो. १२ इंची भोक टाकलंत तर दुपटीहून जास्त पाणी जातं, म्हणजे तळं खोदलं न खोदलं सारखंच. हो, पाईप मोठा टाका, ३०० किंवा ४५० मिमी, म्हणजे साफ करता येतो, पण त्याच्या तोंडावर जाड स्टीलची प्लेट लावा आणि त्या प्लेटला ८ इंची भोक पाडा. प्लेट बोल्टने बसवा, पुढे बदलायची वेळ आली तर सोपं जातं. यातून भरलेलं तळं साधारण चार तासांत रिकामं होतं, जे झकास आहे. पाईप बांधातून जातो तिथे त्याच्या बाजूने पाणी पाझरून बांध पोखरला जातो, म्हणून पाईपला दोन-तीन ठिकाणी काँक्रीटच्या कॉलर घाला आणि भोवतीची माती हाताने धुम्मस करा, तिथे रोलर पोचत नाही.

भोकासमोर जाळी हवीच, आणि ती भोकाला चिकटून नको. एका प्लॅस्टिकच्या पिशवीने किंवा दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्याने ८ इंची भोक बंद होतं. जाळी पिंजऱ्यासारखी मोठी, तिरपी, भोकाच्या क्षेत्रफळाच्या निदान दहापट, सळयांमध्ये ५-६ सेंटिमीटर अंतर. तिरपी असली की कचरा पाण्याबरोबर वर सरकतो आणि खालून वाट मोकळी राहते.

नंतर सांडवा. भोक तुंबलं किंवा पाऊस हिशोबाबाहेर गेला तरी पाणी बांधावरून न जाता ठरलेल्या जागेवरूनच गेलं पाहिजे. १२० मिमीच्या वेगाने पाऊस धरला तर सेकंदाला ५०० लिटर येतात, त्यासाठी दीड मीटर पाण्याच्या पातळीवर ३ मीटर रुंद दगडी किंवा काँक्रीटचा सांडवा पुरतो, त्यावरून २५ सेंटिमीटर जाडीचं पाणी जाईल आणि वर अजून २५ सेंटिमीटर कड शिल्लक राहील. सांडवा बांधाच्या भरावावर नको, कडेच्या मूळ जमिनीत कापा, आणि पुढे थेट ओढ्यापर्यंत मोकळी वाट ठेवा. सांडव्यासमोर काहीही बांधायचं नाही, बाक नाही, देऊळ नाही, सेल्फी पॉइंट नाही. अंबाझरीच्या पुरानंतर तिथे सांडव्यासमोरच्या पुतळ्याचा विषय हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

खालचा ओढा किंवा खाडी फुगून पाणी उलटं येत असेल तर पाईपच्या बाहेरच्या टोकाला फ्लॅप गेट लावा, आतून ढकललं की उघडतं, बाहेरून दाब आला की बंद. नवी मुंबईत सिडकोने जे होल्डिंग पॉन्ड केले ते याच तत्त्वावर, भरतीला गेट बंद, शहराचं पाणी पॉन्डमध्ये थांबतं, ओहोटी लागली की गेट उघडून खाडीत जातं. कोकणात, खाडीकाठी, गोव्यात सुद्धा हेच लागेल.

मुलं आणि डास

लोकांची भीती या दोन गोष्टींची असते आणि ती बरोबर आहे. बाजूचा उतार १ ला २ पेक्षा जास्त खडा करू नका, पडलेलं मूल स्वतः चढून बाहेर येऊ शकलं पाहिजे. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असतो, तो इतका घसरडा की पोहता येणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही, म्हणून आपल्या तळ्याला कागद लावायचाच नाही, गरजही नाही. चार फुटी कुंपण, कुलूपवालं गेट, आणि आउटलेटच्या जाळीजवळ कोणी जाऊ नये याची खास सोय, कारण पाणी ओढतं तिथे. डासांचं म्हणाल तर चार तासांत रिकामं होणाऱ्या तळ्यात डास होत नाहीत, अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो. तळ भोकाच्या दिशेने थोडा उतरता ठेवा म्हणजे डबकी राहत नाहीत. खाली कायमचं पाणी ठेवलं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मलेरिया विभागाकडे चौकशी करा.

वर्षभराचं काम

मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, गाळाचा हौद पूर्ण रिकामा करा, मुख्य तळ्यात गाळ किती ते बघा, प्लेटचं भोक, जाळी, फ्लॅप गेट तपासा, बांधावरची झुडपं काढा. तळ्यात एक फूटपट्टी रंगवलेला खांब उभा करा, तळापासून सेंटिमीटरमध्ये, म्हणजे गाळ किती चढला तेही कळतं आणि पावसात पाणी कुठपर्यंत आलं तेही. गाळ काढायला टाळाटाळ केली की काय होतं ते नवी मुंबईत बघा, काही होल्डिंग पॉन्डमध्ये गाळ साचत गेला, त्यावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने आता गाळ काढायचा म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागते. तुमच्याकडे खारफुटी येणार नाही, पण बाभळी आणि पानकणसं नक्की येतील.

पहिल्या दोन पावसांत वर्षभराचा कचरा येतो, त्या दिवशी जाळी तासातासाने बघायला लागते. नंतर प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकदा. यासाठी वॉचमनच्या ड्युटीत हे काम लेखी टाका, त्याला लांब दांड्याचं फावडं, टॉर्च आणि गमबूट द्या, आणि रात्री पाणी भरलेलं असताना त्याने एकट्याने तळ्यात उतरायचं नाही हेही त्यातच लिहा.

आणि सप्टेंबर. गणपती झाले की सगळ्यांना वाटतं पावसाळा संपला, आता तळ्यात पाणी धरून ठेवू, उन्हाळ्यात बागेला होईल. कोणीतरी जाऊन भोकात पोत्याचा बोळा कोंबतं. परतीचा पाऊस दुपारी तापून संध्याकाळी दोन तासांत कोसळतो आणि जमीन आधीच भिजलेली असते, त्यामुळे वाहून येणारं पाणी जूनपेक्षा जास्त असतं. म्हणून भोक बंद करायचं असेल तर ते ऑक्टोबरच्या शेवटी, हवामान खात्याने मान्सून राज्यातून परतल्याचं जाहीर केल्यावरच, आणि बंद करणाऱ्याने तारीख आणि सही रजिस्टरमध्ये टाकायची. मे महिन्यात गाळ काढताना तेच रजिस्टर उघडायचं आणि बोळा काढल्याची सही त्याच्या शेजारी करायची.